वाटीतले माशाचे पाणी

एका वाटीत दोन चमचे साखर घ्या. तीत आठ चमचे कोमट पाणी घालून साखर पूर्ण विरघळू द्या. पाणी गार झाले की दोन चमचे लिंबाचा रस आणि दोन चमचे ‘नुओक माम’ घाला. लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक लाल मिरची अगदी बारीक चिरून शेवटी वरून टाका. झाले व्हिएतनामी ‘नुओक चाम’ तयार! भात, शेवया, तळलेले पदार्थ, उकडलेल्या भाज्या, सगळे काही या पाण्यात बुडवून खायचे. व्हिएतनाममध्ये जेवणाच्या मधोमध ही एक वाटी ठेवलेली असते आणि घरातले सगळेजण तिच्यातच आपापला घास बुडवतात.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. साखर, लिंबू आणि नुओक माम एकेक भाग, पाणी चार भाग. अर्थात हे प्रमाण म्हणजे काही कायदा नव्हे. उत्तरेकडे गोडी कमी असते आणि लिंबाऐवजी पुष्कळदा व्हिनेगर घालतात. मध्य व्हिएतनाममध्ये मिरची जास्त. दक्षिणेकडे साखर सढळ, आणि साध्या पाण्याऐवजी कधी शहाळ्याचे पाणी. यातली मिरची मूळची अमेरिकेतली. ती आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या वाटीत ती नसणारच.

पण या वाटीतला खरा मुद्दा आहे तो नुओक माम. ‘नुओक’ म्हणजे पाणी आणि ‘माम’ म्हणजे मिठात मुरवलेले मासे. आम्ही हा प्रयोग घरी केला तेव्हा बाटलीचे झाकण उघडताच स्वयंपाकघरातल्या मंडळींनी नाके मुरडली. “हे तर नासलंय!” असा निकाल लागला. पण तेच दोन चमचे लिंबू-साखरेच्या पाण्यात मिसळल्यावर वाटी चाटूनपुसून संपली. एकच पदार्थ, दोन निकाल. मग तो नासलेला होता की नव्हता? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर शोधण्यात दोनेक हजार वर्षांचा इतिहास गुंतला आहे.

तीनास एक

आधी हे पाणी बनते कसे ते पाहू. व्हिएतनामच्या दक्षिण टोकाजवळच्या समुद्रात फू क्वोक नावाचे बेट आहे. तिथले नुओक माम सर्वांत नावाजलेले. त्यासाठी लागणारा मासा बोटाएवढा असतो. त्याचे नाव ‘का कोम’, शब्दशः ‘भात-मासा’. हा अँचोव्हीच्या कुळातला. मासे जाळ्यातून काढले की होडीवरच त्यांत मीठ मिसळतात. पोट साफ करत नाहीत, खवले काढत नाहीत. बंदरावर आणून हे मिश्रण माणसापेक्षा उंच अशा लाकडी पिंपांत भरतात. ही पिंपे ‘बोई लोई’ नावाच्या झाडाच्या फळ्यांची असून वेताच्या दोरांनी आवळलेली असतात. एका पिंपात कित्येक टन मासे मावतात. वरून दडपण ठेवतात आणि मग सुमारे वर्षभर वाट पाहतात. वर्षाअखेर तळाच्या तोटीतून लालसर तपकिरी, पारदर्शक द्रव थेंबथेंब गळू लागतो. पहिल्या धारेचा हा द्रव सर्वांत उत्तम. त्यानंतर उरलेल्या लगद्यातून खारे पाणी पुन्हा पुन्हा फिरवून कमी प्रतीचा माल काढतात.

मीठ किती घालायचे? तीन भाग माशाला एक भाग मीठ, वजनाने. प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हापासून कोळ्यांच्या पिढ्यांनी जपलेले हे प्रमाण आहे. आता जरा गणित करू. माशाच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. म्हणजे तीन किलो माशांत सव्वादोन किलो पाणी. शंभर ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. म्हणजे सव्वादोन किलो पाण्यात सुमारे ८१० ग्रॅम. आपण घातले एक किलो! याचा अर्थ, माशातले सगळे पाणी बाहेर पडून त्याचे संपृक्त द्रावण झाल्यावरही थोडे मीठ शिल्लक राहते. द्रावण पातळ पडण्याची भीती राहत नाही. ‘संपृक्त’ हा शब्द माहीत नसलेल्या लोकांनी संपृक्ततेच्या थोडे पलीकडचे प्रमाण नेमके हेरले होते. आठवी-नववीच्या वर्गात विद्राव्यता शिकवताना हे उदाहरण फळ्यावर सोडवायला हरकत नाही.

इतक्या खारट पाण्यात मासा कुजवणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत. परंतु माशाच्या पोटातली आणि स्नायूंतली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, आपले काम मंद गतीने चालूच ठेवतात. जिवंतपणी जी विकरे माशाचे अन्न पचवत होती, तीच आता खुद्द माशाला पचवू लागतात. प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटून आधी लहान तुकडे आणि मग सुटी अमिनो आम्ले होतात. म्हणून तर पोट साफ करत नाहीत! मिठाला न घाबरणारे काही थोडे जिवाणू या पाण्याला त्याचा खास वास देतात. मीठ फार कमी पडले तर मासा कुजतो. फारच जास्त झाले तर पचन रेंगाळते. तीनास एक ही त्या दोहोंमधली अरुंद वाट आहे.

म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला निकाल अर्धाच बरोबर होता. कुजणे आणि पचणे या दोन्हींत प्रथिने तुटतातच. फरक आहे तो कोण तोडतो, आणि तुटून शेवटी काय उरते, यात. हा ‘काय उरते’चा प्रश्न आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

टोंकिनचा पाहुणा

मिठाने मासा पचवण्याची युक्ती एकट्या व्हिएतनामची नाही. प्राचीन रोममध्ये ‘गारुम’ नावाचा असाच द्रव घरोघरी वापरला जाई. पहिल्या शतकातल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. व्हिसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पोंपेई शहरात औलुस उंब्रिसियुस स्काउरुस नावाचा गारुमचा मोठा व्यापारी होता. त्याच्या घराच्या फरशीत गारुमच्या सुरया रंगीत दगडांनी चितारल्या आहेत, त्यावर मालाची जाहिरातही आहे. स्पेनच्या किनाऱ्यावर मासे मुरवण्याचे रोमन हौद आजही पाहायला मिळतात. आपल्याकडे पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथील उत्खननात जे रोमन रांजण सापडले, त्यांतले काही अशा मत्स्यरसाचे असल्याचे अभ्यासकांनी ओळखले आहे. रोम आणि व्हिएतनाम यांनी ही युक्ती एकमेकांकडून घेतली असा ठोस पुरावा नाही. जिथे लहान मासे मुबलक, मीठ स्वस्त आणि ऊन भरपूर, तिथे ती स्वतंत्रपणे सुचली असण्याचीच शक्यता अधिक.

व्हिएतनामच्या नुओक मामचे एक जुने आणि नीटस वर्णन मिळते ते एका इंग्रज दर्यावर्दीच्या लेखणीतून. विल्यम डँपियर १६८८ मध्ये टोंकिनला, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामला, गेला होता. त्याच्या हकिकती १६९९ मध्ये छापून आल्या. लहान मासे आणि कोळंबी मीठपाण्यात घालून घट्ट झाकलेल्या मडक्यात ठेवतात, त्यांचा लगदा होतो आणि त्यावरचे पाणी काढून घेतात, असे त्याने लिहिले. त्या पाण्याचे नाव त्याने ऐकले तसे इंग्रजीत उतरवले, ‘न्यूक-मम’. रंग फिकट तपकिरी, बराचसा नितळ. लगद्याचा वास उग्र असला तरी सवय झाल्यावर चव आवडू लागते, आणि तिथले अनेक युरोपीय लोक या पाण्याला सोया सॉसच्या बरोबरीचे मानतात, अशीही नोंद त्याने केली. आमच्या स्वयंपाकघरात अर्ध्या तासात जे घडले तेच डँपियरच्या बाबतीत सव्वातीनशे वर्षांपूर्वी घडले होते!

मुरलेल्या लगद्याला डँपियरने जे नाव दिले आहे ते ‘बालाचाउन’. हा मलय भाषेतला ‘बलाचान’ शब्द. गोव्याच्या खाद्यपदार्थांतला ‘बालचांव’ याच शब्दापासून आला असे मानतात. मलाक्का आणि मकाव ही पोर्तुगीजांची ठाणी गोव्याशी जोडलेली होती. त्या वाटेने शब्द आणि सुकवलेल्या कोळंबीची चव, दोन्ही आपल्या किनाऱ्याला लागले.

त्याहून मोठा प्रवास दुसऱ्या एका शब्दाने केला. दक्षिण चीनमधल्या होक्किएन बोलीत माशाच्या मुरवलेल्या रसाला ‘के-चिआप’ अशा उच्चाराचा शब्द होता. व्यापाऱ्यांनी तो उचलला. चार्ल्स लॉकियर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १७११ साली पूर्वेकडच्या व्यापारावर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की सर्वोत्तम ‘केचप’ टोंकिनहून येते. होय, केचप! इंग्लंडमध्ये त्याची नक्कल करताना आधी अँचोव्ही, मग अळंबी, अक्रोड असे पदार्थ आले. टोमॅटो आला तो एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत. मुलांच्या डब्यातल्या लाल केचपमध्ये आज मासा नाही, पण नावात तो अजून आहे.

मत्स्यरसावर चाललेली शाळा

१९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला आणि आशियातल्या गुलाम देशांत नवी उमेद आली. आपल्याकडे वंगभंगाविरुद्ध स्वदेशीची चळवळ उभी राहिली. एकेक पैसा गोळा करून तळेगावला काचेचा कारखाना काढला गेला तो १९०८ मध्ये. फ्रेंचांच्या ताब्यातल्या व्हिएतनाममध्येही त्याच काळात तसेच वारे वाहत होते. फान चाउ चिन्ह या सुधारकाचे सांगणे असे की, आधी लोकांना शिकवा, त्यांना आपल्या पायावर उभे करा, व्यापार हाती घ्या. दक्षिणेकडचे फान थिएत हे मच्छीमारीचे मोठे बंदर. तिथल्या सुशिक्षितांनी हे मनावर घेतले. जुन्या पद्धतीचे विद्वान व्यापाराला हलके मानत. अशा घरांतल्या मंडळींनी १९०६ मध्ये ‘लिएन थान्ह’ नावाची कंपनी काढली, आणि तिचा मुख्य माल होता नुओक माम.

या कंपनीच्या जोडीला एक वाचनमंडळ होते आणि १९०७ मध्ये सुरू झालेली एक शाळाही. शाळेचे नाव ‘झुक थान्ह’. कंपनीच्या उत्पन्नातून तिचा खर्च चाले. तिथे चिनी चित्रलिपीबरोबरच रोमन लिपीतली व्हिएतनामी भाषा शिकवत. फ्रेंचही असे आणि व्यायामही असे. १९१० मध्ये वीस वर्षांचा एक तरुण इथे शिक्षक म्हणून आला. काही महिने त्याने मुलांना शिकवले, मग तो सायगावला गेला आणि ५ जून १९११ रोजी एका फ्रेंच जहाजावर कामगार म्हणून चढून देशाबाहेर पडला. त्याचे नाव न्युएन तात थान्ह. जग त्याला पुढे हो चि मिन्ह म्हणून ओळखू लागले. त्याने पगार घेतला त्या शाळेची चूल नुओक मामवर पेटत होती. ती शाळा लवकरच बंद पडली, पण तिची वास्तू आता स्मारक म्हणून जपलेली आहे.

पिंपाकडून परीक्षानळीकडे

फ्रेंच राज्यकर्त्यांना सुरुवातीला हा रस म्हणजे कुजका प्रकार वाटत असे. परंतु सगळी प्रजा रोज जे खाते त्याच्याकडे दुर्लक्ष करून कसे चालेल? त्यात पाणी आणि मीठ मिसळून फसवणूकही होत होती. अल्बेर काल्मेतने १८९१ मध्ये सायगावला पाश्चर इन्स्टिट्यूट स्थापन केली होती, अलेक्सांद्र येर्सिनने १८९५ मध्ये न्हा चांगला दुसरी. (येर्सिन म्हणजे प्लेगचा जिवाणू शोधणारा. १८९७ च्या साथीत तो मुंबईतही येऊन गेला होता.) फ्रेंच इंडोचायनातल्या शास्त्रज्ञांचे लक्ष हळूहळू नुओक मामकडे वळले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रोझे या संशोधकाने दाखवले की मासा विरघळवण्याचे मुख्य काम त्याच्या स्वतःच्या पाचक विकरांचे आहे. पुढे १९३० च्या सुमारास बोएझ आणि गियेर्म या दोघांनी त्याच्या वासामागे जिवाणूंचा हात असल्याचे मांडले. कोळ्यांनी पोट साफ न करण्याची जी रीत पाळली होती, तिचे कारण आता परीक्षानळीत दिसू लागले.

चवीचे कोडे सुटले ते मात्र जपानमध्ये. तोक्यो विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ‘कोंबू’ या समुद्री वनस्पतीच्या काढ्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले. गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातही न बसणारी ही पाचवी मूलभूत चव आहे, असे त्यांनी म्हटले आणि तिला ‘उमामी’ नाव दिले. जगाला ते पटायला जवळजवळ एक शतक लागले. ही चव ओळखणारी ग्राहके जिभेवर असल्याचे २००० नंतरच्या संशोधनाने दाखवले, तेव्हा कुठे वाद मिटला. नुओक माममध्ये मासा पचून सुटलेले ग्लुटामिक आम्ल भरपूर असते. आमची वाटी चाटूनपुसून संपली तिचे कारण हे.

आता राहिला भेसळीचा प्रश्न. रस चांगला की पाणचट, हे कसे ठरवायचे? इथे कोपनहेगनच्या एका रसायनतज्ज्ञाची पद्धत कामी आली. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये धान्यातली प्रथिने मोजण्याचा सुटसुटीत मार्ग काढला होता. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मिळवायचा आणि तो मोजायचा. प्रथिनांत नायट्रोजनचे प्रमाण साधारण सोळा टक्के असते. म्हणून मिळालेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज येतो. नुओक मामच्या बाटलीवर आजही ३०, ३५, ४० असे ‘अंश’ छापलेले दिसतात. ४० अंश म्हणजे एका लिटरमध्ये ४० ग्रॅम नायट्रोजन. अंश जास्त, तर रस कसदार.

उत्तम सोय झाली! पण एक फट राहिली. केल्डालची पद्धत नायट्रोजन मोजते, तो कुठून आला ते विचारत नाही. अमिनो आम्लातला नायट्रोजन तिला दिसतो, तसाच युरियातलाही दिसतो आणि कुजण्यातून आलेल्या अमोनियातलाही. या फटीतून काय शिरू शकते ते २००८ मध्ये चीनमध्ये दिसले. पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजनचा आकडा वाढवण्यासाठी मेलामाइन मिसळले गेले. त्या दुधाच्या भुकटीने सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, सहा दगावली. तपासणीचा आकडा बरोबर होता, पण त्या आकड्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

मत्स्यरसासाठी २०११ मध्ये जो आंतरराष्ट्रीय मानदंड ठरला, त्यात ही फट बुजवण्याचा प्रयत्न आहे. एकूण नायट्रोजन लिटरला किमान १० ग्रॅम हवा, आणि त्यातला किमान ४० टक्के अमिनो आम्लांच्या रूपात असला पाहिजे. नुसते ‘एकूण किती’ नाही, तर ‘कोणत्या रूपात’.

ऑक्टोबर २०१६

हाच प्रश्न काही वर्षांनी विसरला गेला, आणि तोही नुओक मामच्या मायदेशात.

तोपर्यंत व्हिएतनामच्या बाजारात दोन प्रकारचे रस होते. एक पिंपात वर्षभर मुरलेला, पारंपरिक. दुसरा कारखान्यातला, मूळ रस पातळ करून त्यात चव, रंग आणि टिकाऊपणासाठी इतर पदार्थ मिसळलेला. दुसरा स्वस्त, वासाला सौम्य, आणि बाजाराचा मोठा हिस्सा त्याच्याकडे. १७ ऑक्टोबर २०१६ रोजी ग्राहकांच्या एका संघटनेने १५० नमुन्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. सुमारे दोन तृतीयांश नमुन्यांत आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त! आणि ज्यांचे नायट्रोजनचे अंश जास्त, त्यांतच आर्सेनिकही जास्त. म्हणजे जितका रस अस्सल तितका विषारी, असा लोकांनी अर्थ घेतला. वृत्तपत्रांनी बातमी उचलून धरली. दुकानांतून पारंपरिक रसाच्या बाटल्या काढल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या पिंपे राखणाऱ्या घरांचा धंदा आठवडाभरात धोक्यात आला.

चूक कुठे होती? संघटनेने एकूण आर्सेनिक मोजले होते. मर्यादा होती ती अकार्बनी आर्सेनिकसाठी. समुद्रातल्या प्राण्यांच्या शरीरात आर्सेनिक निसर्गतःच असते, परंतु ते बहुतांशी कार्बनी संयुगांच्या रूपात. माशांत त्याचे मुख्य रूप आर्सेनोबेटाइन. हे संयुग आपल्या शरीरातून फारसा बदल न होता लघवीवाटे बाहेर पडते आणि निरुपद्रवी मानले जाते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या कूपनलिकांच्या पाण्याने लाखो लोकांना ग्रासले ते आर्सेनिक अकार्बनी. मूलद्रव्य तेच, आवर्तसारणीतला अणुअंक ३३ तोच. पण एक रूप घातक आणि दुसरे जवळजवळ निरुपद्रवी. अस्सल रसात मासा जास्त, म्हणून माशातले हे कार्बनी आर्सेनिकही जास्त. पाणी घातलेल्या रसात मासाच कमी, तर आर्सेनिक कुठून येणार? जो आकडा विषाचा पुरावा म्हणून मांडला गेला, तो खरे तर अस्सलपणाची खूण होता.

व्हिएतनामच्या आरोग्य मंत्रालयाने लगोलग २४७ नमुने तपासून घेतले. अकार्बनी आर्सेनिकची मर्यादा एकाही नमुन्याने ओलांडली नव्हती. पुढे सरकारने चुकीची बातमी देणाऱ्या पन्नास वृत्तपत्रांना व माध्यमांना दंड केला. पण एकदा मनात बसलेली भीती दंडाने निघत नाही. फू क्वोक आणि फान थिएतच्या लोकांना आपला रस विषारी नाही हे सांगत बसावे लागले. त्याच फू क्वोकच्या रसाला चार वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, युरोपीय संघाने मूळ-स्थानाच्या नावाचे संरक्षण दिले होते.

यात सगळा दोष प्रयोगशाळेचा नाही. उपकरणांनी खरा आकडा दिला होता. मर्यादाही खरी होती. दोन खऱ्या गोष्टी चुकीच्या ठिकाणी शेजारी ठेवल्या गेल्या आणि त्यांच्यापासून एक खोटी बातमी तयार झाली. ‘एकूण’ या एका शब्दाने घोटाळा केला. बातमी वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल, “कोणते आर्सेनिक?” हा प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेत क्लोरीन आणि सोडियम क्लोराइड यांतला फरक समजलेला असला तरी पुरे.

वर्गात काय करता येईल?

नुओक माम आता मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत मिळतो. मात्र मासे मुरवण्याचा प्रयोग घरी किंवा शाळेत करू नये. उन्हात राहिलेल्या माशांत हिस्टामीन तयार होते, ते मिठानेही जात नाही आणि उकळूनही जात नाही. नुओक चाम करायला काहीच हरकत नाही. शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी सोया सॉस वापरावा. व्हिएतनाममधले शाकाहारी बौद्धही तेच करतात, आणि सोयाबीनच्या प्रथिनांपासून सुटलेले ग्लुटामिक आम्ल त्यातही असतेच.

चार वाट्या करा. एकीत फक्त पाणी घातलेला रस, दुसरीत त्यासोबत साखर, तिसरीत लिंबू, चौथीत दोन्ही. थेंबभर चाखून प्रत्येकाने आपापली नोंद लिहावी आणि मगच चर्चा करावी. विकरांचे काम दाखवायचे असेल तर दोन पेल्यांत थोडे थोडे दूध घ्या. एकात ताज्या अननसाचा रस घाला, दुसऱ्यात तोच रस आधी पाच मिनिटे उकळून आणि गार करून घाला. दोन्हींत आंबटपणाने दूध फाटेल, पण तासाभराने चव घेतली तर पहिला पेला कडवट लागेल. अननसातल्या विकराने दुधातली प्रथिने तोडल्याची ती खूण. उकळल्याने विकर निकामी होते, म्हणून दुसऱ्या पेल्यात हा कडवटपणा येत नाही.

आणि सर्वांत सोपा प्रयोग कागदाचा. वर्तमानपत्रांतून महिनाभर अशा बातम्या कापून आणायला सांगा, ज्यांत अन्नात, पाण्यात किंवा हवेत अमुक इतके तमुक सापडले असे लिहिलेले असते. प्रत्येक कात्रणाखाली तीन प्रश्न लिहायचे. काय मोजले? कोणत्या रूपातले मोजले? आणि ज्या मर्यादेशी ताडून पाहिले, ती त्याच रूपासाठी होती का? उत्तर बातमीत नसेल तर ‘सांगितलेले नाही’ एवढेच लिहायचे. महिनाअखेर ‘सांगितलेले नाही’ किती वेळा आले ते मोजावे.

मग एक दिवस पुन्हा ती वाटी करावी. या खेपेला झाकण उघडल्यावर कोणी “नासलंय” म्हणाले, तर बाकीच्या मुलांनी एवढेच विचारावे, “कशावरून?”